मोफत खेळाची किंमत

घाटकोपरच्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. एकदा आठवीच्या वर्गात मी फळ्यावर 'मोफत' हा शब्द लिहिला आणि त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितले. शब्द मुलांच्या ओळखीचाच होता. उर्दूतला 'मुफ्त' तोच मराठीतला 'मोफत'. एकीने सांगितले, "आम्हांला शाळेत पुस्तके मोफत मिळतात." दुसरा म्हणाला, "हवा मोफत आहे." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, माझ्या मोबाइलवरचा खेळ मोफत आहे." सगळे हसले. तेवढ्यात त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, "खेळ मोफत आहे, तर मग तो बनवणाऱ्यांना पगार कोण देतो?"

तास संपल्याची घंटा झाली. वर्ग रिकामा झाला, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. इतका चांगला प्रश्न परीक्षेच्या पेपरातही क्वचितच असतो.

मुलांनो, मी तुमच्याएवढा होतो तेव्हा, म्हणजे १९९० च्या सुमारास, मुंबईच्या उपनगरांत व्हिडिओ गेमची लहान लहान दुकाने असत. स्टेशनजवळच्या एखाद्या गल्लीत, अरुंद गाळ्यात, चार-पाच मोठी यंत्रे मांडलेली असत. यंत्रात नाणे किंवा टोकन टाकले की खेळ सुरू होई. हरलो की पडद्यावर दहा, नऊ, आठ, सात असे आकडे उलटे मोजले जात. शून्य येण्याच्या आत दुसरे नाणे टाकले, तर खेळ थांबला होता तेथूनच पुढे चालू होई. त्या दहा सेकंदांत हात आपोआप खिशाकडे जाई. विचार करायला वेळच मिळू नये, म्हणून तर ते आकडे मोजले जात! पण खिसा लहान होता. शेवटचे नाणे संपले की घरी जावेच लागे. रिकामा खिसा ही किती मोठी सोय होती, हे मला फार उशिरा कळले.

आता खेळ खिशातच असतो. तो सुरू करायला नाणे लागत नाही. मग पैसे येतात कोठून?

पहिली वाट जाहिरातींची. खेळाच्या मध्ये जाहिरात लागते. जाहिरात देणारा व्यापारी त्याबद्दल खेळाच्या कंपनीला पैसे देतो. 'ही जाहिरात पूर्ण पाहा आणि एक जीव परत मिळवा' असे खेळ सांगतो. तुम्ही अर्धा मिनिट पाहत बसता. तुमच्या मते तुम्ही काहीच दिले नाही, पण तुम्ही अर्धा मिनिट दिलेत, आणि कंपनीने ते विकले.

दुसरी वाट खरेदीची. खेळायला पैसे लागत नाहीत, पण खेळाच्या आत दुकान असते. तेथे पोशाख, हत्यारे, गाड्या, हिरे, नाणी मिळतात. गंमत अशी की खेळणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक पैसे देतात. बहुतेक जण एक रुपयाही खर्च करत नाहीत. जे थोडे देतात, त्यांच्यातले काही जण मात्र भरमसाट देतात. या धंद्यातले लोक अशा गिऱ्हाइकाला 'व्हेल' म्हणजे देवमासा म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. गिऱ्हाइकाला मासा म्हणणारा स्वतःला कोण समजत असेल, ते तुम्हीच ओळखा.

मग न देणाऱ्यांचा कंपनीला काय उपयोग? उपयोग आहे. लग्नात कोणी नवी शेरवानी घालतो, ती पाहायला पाहुणे हवेत. कोणी खेळात महागडा पोशाख घेतला आणि तो पाहणारेच नसले, तर तो घेईल कशाला? मोफत खेळणारी मुले म्हणजे हे पाहुणे. आणि पाहता पाहता एखाद्या पाहुण्यालाही शेरवानी हवीशी वाटते.

उर्दूत एक म्हण आहे, 'माले मुफ्त, दिले बेरहम'. फुकटचा माल मिळाला की माणूस तो कसाही उधळतो. मोफत खेळात मात्र माल कंपनीचा मोफत असतो आणि उधळला जातो तो घरचा पैसा.

आता हा पैसा कसा उधळला जातो, ते नीट पाहू. खेळातले दुकान तुमच्याकडून रुपये घेऊन वस्तू देत नाही. आधी ते तुम्हांला हिरे विकते आणि मग हिऱ्यांच्या बदल्यात वस्तू देते. हे असे का? एक हिशेब करा. समजा, १०० हिरे ८० रुपयांना मिळतात. तुम्हांला हवा असलेला पोशाख १२० हिऱ्यांचा आहे. हिरे शंभराच्याच पुडीत मिळतात. म्हणजे तुम्हांला दोन पुड्या घ्याव्या लागतील. खर्च झाला १६० रुपये. पोशाखाची खरी किंमत भरते ९६ रुपये. उरलेले ८० हिरे तुमच्या खात्यात पडून राहतात आणि रोज तुमच्याकडे पाहतात. पुढच्या १२० हिऱ्यांच्या वस्तूला आता ४०च कमी पडतात ना! मग पुन्हा एक पुडी. शिवाय '१२० हिरे' हा आकडा ऐकून घरातला खर्च डोळ्यांपुढे येत नाही. '९६ रुपये' म्हटले असते, तर कदाचित घरचे दूध आठवले असते.

याहून फसवी वस्तू म्हणजे बंद पेटी. पूर्वी आमच्या गल्लीतल्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची आणि आतल्या क्रमांकाचे बक्षीस घ्यायचे. वर एक मोठी चकचकीत मोटार लावलेली असे. मिळत मात्र फुगा, नाही तर शिट्टी. मोबाइलमधली बंद पेटी म्हणजे तोच पुठ्ठा. फरक इतकाच, की पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कधीतरी संपत, पेटीच्या संपत नाहीत.

येथे थोडे गणित हवे. समजा, पेटीत दुर्मीळ बंदूक मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. म्हणजे शंभर पेट्या उघडल्या की बंदूक मिळालीच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. प्रत्येक पेटी उघडताना शक्यता पुन्हा शंभरात एकच असते. आधीच्या नव्व्याण्णव पेट्या रिकाम्या निघाल्या, हे शंभराव्या पेटीला ठाऊक नसते. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर त्यांतल्या सुमारे ३७ मुलांना एकही बंदूक मिळणार नाही. गणिताच्या सरांना विचारा, ते ०.९९ चा शंभरावा घात काढून दाखवतील.

बेल्जियम या देशाच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ साली पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. त्याआधी २०१७ च्या अखेरीस ॲपल कंपनीने तिच्या दुकानातल्या खेळांना नियम घातला, की पेटीतून काय मिळण्याची शक्यता किती, हे विकण्यापूर्वी सांगावे. पण हे आकडे वाचतो कोण?

आता आपल्याजवळची एक हकिकत सांगतो. ती ऑगस्ट २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. जोगेश्वरीला राहणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाने मोबाइलवरील खेळासाठी आईच्या बँक खात्यातून सुमारे दहा लाख रुपये खर्च केले. बातमीत पबजी या खेळाचे नाव होते. आईवडिलांना हे कळले, तेव्हा ते रागावले. मुलाने चिठ्ठी लिहून ठेवली आणि तो घरातून निघून गेला. वडिलांनी पोलिसांत धाव घेतली. मुलगा अल्पवयीन, म्हणून पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवून शोध सुरू केला. अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. ही फार जुनी बौद्ध लेणी. तुमच्यापैकी काही जण तेथे सहलीला गेले असतील. त्या परिसरात तो मुलगा पोलिसांना सापडला. त्यांनी त्याची समजूत घातली व त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले.

मुलगा सुखरूप मिळाला, ही त्या हकिकतीतली सर्वांत मोठी गोष्ट. पण मी त्या बातमीचा पुष्कळ दिवस विचार करत होतो. दहा लाख रुपये एका दिवसात कोणी खर्च करत नाही. ते थोडे थोडे जात असणार. पहिल्यांदा त्या मुलाची छाती धडधडली असेल. दहाव्यांदा कमी धडधडली असेल. मध्ये एखाद्या दिवशी आईला सांगावे, असेही मनात आले असेल. जितका उशीर, तितकी भीती मोठी. मुलांनो, तुमच्या हातून असे काही घडले असेल, तर रक्कम लहान असतानाच घरी सांगा. अम्मी रागावेल, अब्बू रागावतील. पाचशे रुपयांचा राग एका संध्याकाळचा असतो. अम्मीला सांगायची हिंमत होत नसेल तर बाजीला सांगा, मामूंना सांगा, वर्गशिक्षकांना सांगा. काहीच सुचत नसेल, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पैशांची फसवणूक झाली असेल, तर मोठ्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

पण एवढे पैसे जातातच कसे? आपल्याकडे अनेक घरांत एकच चांगला फोन असतो, आणि तो बहुधा अम्मीचा किंवा अब्बूंचा असतो. त्याच फोनवर मुले खेळतात. त्याच फोनमध्ये बँकेचे खाते जोडलेले असते. बँक खात्री करण्यासाठी जो ओटीपी पाठवते, तोही त्याच फोनवर येतो. म्हणजे कुलूप, किल्ली आणि तिजोरी एकाच हातात! यूपीआयचा पिन बोटे पाहून घरातल्या सर्वांना पाठ झालेला असतो. कोणी तरी एकदा कार्डाचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवतो आणि विसरून जातो. फोन मात्र विसरत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक आणि शिक्षकांसाठी एक सूचनापत्र काढले. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांना खेळात खरेदी करू देऊ नये, कार्डाची माहिती खेळात साठवू नये, एका वेळच्या खर्चाला मर्यादा घालावी, असे त्यात सांगितले आहे. गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारला जावा, अशी सोय आहे. ती चालू करायला दोन मिनिटे लागतात. आज रात्री जेवण झाल्यावर अम्मीजवळ बसून करून टाका.

मोठ्या कंपन्याही या बाबतीत चुकतात, आणि कधी कधी पकडल्याही जातात. फोर्टनाइट हा मोफत खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीवर अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली. बटणांची मांडणी अशी होती, की नको असताना खरेदी होऊन जाई, आणि मुले पालकांच्या नकळत पैसे खर्च करू शकत. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने यासाठी ग्राहकांना परत देण्याकरिता २४.५ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल आणखी २७.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तो वेगळाच.

आपल्याकडे न्यायालयात कोण गेले, ठाऊक आहे? एक मुलगा! जानेवारी २०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. याचिका म्हणजे न्यायालयाकडे केलेला अर्ज. पबजी खेळामुळे मुलांत हिंसा आणि आक्रमकपणा वाढतो, म्हणून त्यावर बंदी घालावी, अशी त्याची मागणी होती. न्यायालयाने स्वतः बंदी घातली नाही. केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने खेळ तपासून पाहावा, असे सांगितले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजीही होता. पण त्याचे कारण देशाची सुरक्षितता हे होते, मुलांची सवय हे नव्हे. २०२१ मध्ये त्याच खेळाचा भारतासाठीचा नवा अवतार आला, बीजीएमआय. त्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास खेळण्याची आणि दिवसाला सात हजार रुपये खर्चाची मर्यादा ठेवली होती. सात हजार, तेही रोजचे! मर्यादा आहे एवढ्यावर समाधान न मानता ती केवढी आहे, हेही पाहावे लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बेकायदा ठरवले. ज्या खेळात पैसे जिंकायचे नसतात, फक्त पोशाख आणि हत्यारे विकत घ्यायची असतात, त्यांचा न्याय मात्र घराघरांतच करावा लागतो.

तो कसा करावा? पुष्कळ लोक फक्त वयाचा आकडा पाहतात. प्ले स्टोअरमध्ये खेळाच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे असतात. मारामारी, भीतीदायक दृश्ये, घाणेरडी भाषा, जुगार यांचा विचार करून ते दिलेले असतात. आकडा उपयोगी आहे. १६+ लिहिलेला खेळ आठ वर्षांच्या भावाच्या हाती देऊ नये, हे त्यावरून लगेच कळते. पण ३+ लिहिलेल्या खेळातही अर्ध्या मिनिटाला जाहिरात लागू शकते. खेळात रक्त नाही, एवढेच त्या आकड्याने कळले. खेळ तुमच्या घड्याळाशी आणि पाकिटाशी कसा वागतो, हे कळले नाही. त्याच ठिकाणी आणखी दोन लहान ओळी असतात. एक जाहिराती असल्याची, दुसरी खेळात खरेदी असल्याची. त्या वाचायच्या. खेळ कोणती माहिती मागतो, तेही पाहायचे. कॅरमच्या खेळाला तुमचे संपर्क-क्रमांक आणि ठिकाण कशाला हवे?

अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय खेळात आहे का, हा प्रश्न तर मी सर्वांत आधी विचारीन. समोरचा खेळाडू 'मीही आठवीत आहे' असे सांगतो. तो खरेच आठवीत आहे की चाळीस वर्षांचा आहे, हे तुम्हांला दिसत नाही. बोलण्याची सोय बंद करता येत असेल तर करावी. खरे नाव, शाळा, राहण्याची जागा, फोटो देऊ नये. कोणी 'हिरे फुकट देतो, फक्त ओटीपी सांग' म्हणाला, तर खेळ तेथेच बंद करावा आणि घरी दाखवावे.

सगळेच मोफत खेळ वाईट, असे मात्र समजू नका. बुद्धिबळासाठी लिचेस नावाचे ॲप आहे. त्यात जाहिरात नाही, दुकान नाही, बंद पेटी नाही. लोकांच्या देणग्यांवर ते चालते. तेथे मोफत म्हणजे खरेच मोफत. लुडो किंग हा खेळ तर आपल्या शेजारच्या नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये आणला. २०२० च्या टाळेबंदीत एका घरातली नानी, दुसऱ्या गावातली खाला आणि मुंबईतली मुले त्यावर एकत्र खेळत होती. त्यात जाहिराती आहेत, खरेदीही आहे. पण नानीशी खेळण्यात मिळालेला आनंद खोटा नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाची आजारांच्या यादीत नोंद केली. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. रोज तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी, असा त्याचा अर्थ नाही. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

आमच्या वर्गाने पुढे काय केले, ते सांगायचे राहिले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा आवडता खेळ आम्ही तपासायला घेतला. गाड्या पळवण्याचा खेळ होता. त्याने अर्धा तास खेळायचे आणि शेजारच्याने वहीत नोंद करायची, असे ठरले. किती वेळ खरेच खेळलो, किती वेळ जाहिराती पाहिल्या, 'फक्त आजच स्वस्त' अशी पाटी किती वेळा आली, बंद करण्याची फुली चटकन सापडली का, हरल्यावर दुकान उघडले की पुन्हा खेळता आले, एवढेच लिहायचे. आणि शेवटी एक प्रश्न: मध्येच थांबलो तर खेळ काय करतो?

शनिवारी त्यांनी वही वाचून दाखवली. जाहिराती अकरा. 'आजच स्वस्त' ची पाटी सहा वेळा, आणि तीच पाटी दुसऱ्या दिवशीही. फुली इतकी बारीक, की तीन वेळा चुकून जाहिरातीवरच बोट पडले. शेवटच्या प्रश्नापुढे त्या मुलाने स्वतः लिहिले होते, "थांबलो तर खेळ म्हणतो, उद्या आला नाहीस तर सात दिवसांचे बक्षीस जाईल."

"मग काय ठरवलेस?" मी विचारले.

"सर, सहा दिवस झालेत. उद्या बक्षीस घेतो आणि मग काढून टाकतो."

वर्ग हसला. तोही हसला. त्याने खेळ काढला की नाही, मी पुन्हा विचारले नाही. पण महिन्याभराने पालकसभेला त्याची अम्मी आली होती. ती म्हणाली, "सर, याने माझ्या फोनमधून बँकेचे कार्ड काढायला लावले. ते तिथे आहे, हे मला माहीतच नव्हते. याला कसे माहीत?"

तो बाजूला उभा राहून बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होता.